कुंदाक्काच्या बाटल्या

काचेच्या ग्लासातून सरबत दिलं की घराण्याची पत वाढते, ही समजूत फैजपुरात कधी शिरली ते मला नक्की सांगता येतं, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत शिरली. साल छप्पन. मी धुळ्याची, बी. ए. होऊन फैजपूरच्या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवायला आलेली. वय चोवीस आणि अंगात शहाणपणाचा भलता ताठा. त्या वर्षी रुपचंद पाटलांची केळी सावद्याहून वॅगनी भरभरून दिल्लीला गेली, पैसा आला आणि त्यांची बायको धुरपदाबाई मुंबईहून बारा ग्लासांचा एक सेट घेऊन आली. जाड काच, अंगावर खोदलेली फुलं, बुडाला चांदणी कोरलेली. सेट आला म्हणून कपाट आलं, कपाटाला काचेचं दार आलं, दाराला कुलूप आलं. त्या घरात एकही पुस्तक नव्हतं हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या आठ महिन्यांत गावाची रीतच होऊन बसली. कोणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की धुरपदाबाईचा सेट मागून आणायचा. रावेरचे एक गृहस्थ फैजपुरात तीन घरी मुली बघून गेले आणि तिन्ही घरी त्याच बारा ग्लासांतून सरबत प्यायले. बोलले काही नाहीत. त्यांच्याही गावात असाच एखादा सेट घरोघर फिरत असणार.

सेट फुकट मिळायचा, पण एकटा मिळायचा नाही. ग्लास बारा आणि तेरावी धुरपदाबाई. काच सांभाळायला म्हणून ती बरोबर यायची, बायकांच्या पुढे पाट घेऊन बसायची आणि पाहुणे निघेपर्यंत हलायची नाही. तोंड लावू नका, उष्टे होतील, असं दर खेपेला बजावायची. बजावायची गरज नव्हती. आमच्या तिकडे तांब्या असो की पेला, भांड्याला ओठ लावून कोणी पीत नसे. वरून धार सोडायची, घटाघटा प्यायचं, खाली ठेवायचं. लहान पोरंसुद्धा थेंब न सांडता पीत. ओठ लावून पिणारी गावात एकच, ती म्हणजे स्वतः धुरपदाबाई. मुंबईत तसं पितात असं तिनं पाहिलं होतं. आपल्या वाट्याचा ग्लास ती दोन बोटांत धरून घोट घोट प्यायची आणि प्रत्येक दोन घोटांच्या मध्ये बोलायची. त्या बोलण्यात किती सोयरिकी बुडाल्या ते मोजायला मी बसले नाही.

मी ज्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होते त्या कुंदाबाईची एक बुडाली. मी तिला अक्का म्हणायची. चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. शिक्षण दुसरीपर्यंत. नवरा जीवराम, चार एकर केळी आणि तोंडात शब्द नाही. म्हणजे मुका नव्हता, पण घरात बोलणारी एक होती आणि तेवढ्यानं त्याचं भागत असे. मुलगी सुनंदा, अठरा पूर्ण, सातवी पास, दिसायला नीटस. रावेरचे ते तीन घरं फिरणारे गृहस्थ शेवटी अक्काच्या घरी आले, मुलगी पसंत करायच्या बेतात होते, आणि धुरपदाबाई घोट घेऊन म्हणाली, "पोरगी गुनाची हाये हो. लहानपनी दमा होता म्हनून आम्हीच घाबरलो होतो. आता काही नही. मागच्या थंडीत एकदाच काय तो आला."

सुनंदाला सातव्या वर्षी एका पावसाळ्यात धाप लागली होती. पुन्हा कधी नाही. मागच्या थंडीत तिला साधा खोकला झाला होता, तो मलाही झाला होता. पण हे सांगत बसायला रावेरकर थांबले कुठे. सरबत वरून ओतून घेतलं, पान घेतलं आणि गेले ते गेले.

संक्रांतीनंतर एदलाबादहून निरोप आला. मुलगा अभिमन, मॅट्रिक झालेला, घरची कपाशी. त्याची आई भागाबाई आणि मामा गिरधर त्याच्याबरोबर येणार होते. आज ज्याला मुक्ताईनगर म्हणतात तेच हे एदलाबाद. निरोप ऐकल्यावर अक्का मला म्हणाली, "बाई, तिचा सेट मले नको. सेट आनला का ते येते. ते आली का पोरीचा दमा येते."

"मग पितळी पेल्यांत द्या. कल्हई करून घेऊ."

"पितळेत देल्लं का पाहुने म्हनतीन, यांच्या घरी ग्लास नही. गावातल्या बाया म्हनतीन, धुरपदाबाईनं सेट देल्ला नही. म्हंजे पोरीत काही तरी हाये."

मी तिला सांगितलं की हा सगळा मूर्खपणा आहे. ती म्हणाली, "हाये ना. पन मूर्ख सारं गाव हाये, आपन दोघी शहान्या राहून पोरगी घरात ठेवू का?" बी. ए.ला असलं काही शिकवत नाहीत.

रविवारी आम्ही एस. टी.नं जळगावला गेलो. बाजारात काचसामानाचं एक दुकान होतं, मालक मगनशेठ, गोरा, गुबगुबीत, बोलायला गोड आणि आतून करवत. धुरपदाबाईच्या जातीचा सेट मांडणीत होता. अक्कानं हात पुढे केला तसा तो म्हणाला, "मावशी, लांबून बघा. हे विलायती आहे."

"फुटते का?"

"काच आहे, फुटणारच."

"मंग विलायतेचा काय फायदा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सुशिक्षित दिसत होते, म्हणून त्याला वाटलं मी त्याच्या बाजूची. किंमत ऐकली तेव्हा कळलं की त्या सेटपायी अक्काला दुभती म्हैस विकावी लागली असती. मग त्यानं मांडणीच्या खालून स्वस्तातले ग्लास काढले. जाड, हिरवट, आत बुडबुडे. स्टँडवरच्या चहावाल्याकडे असतात तेच. अक्कानं एक उचलला, उजेडात धरला आणि परत ठेवला. "हे पाहुन्यांना देल्ले तर ते म्हनतीन, बिस्कूट कुठी हाये."

तिसरा प्रकार होता रंगीत, त्यावर सोनेरी रेघ. अक्कानं पदर ओला करून रेघेवर घासला. रेघ पदरावर आली. मगनशेठ म्हणाला, असं कोणी घासत नाही. अक्का म्हणाली, "आम्ही भांडी घासतो, शेठ. तुमच्याकडं काय करतात?"

निघताना तिनं एकच गोष्ट विचारली. ही विलायती फुलं काचेवर काढतात कशी? मगनशेठनं मोठेपणा मिरवत सांगितलं की दगडाच्या चाकावर घासून, फार कसबी कारागीर लागतात. "घासून," अक्का म्हणाली. तेवढंच. परतीच्या एस. टी.तून ती भुसावळला मला न विचारता उतरली. मी चरफडत मागोमाग उतरले.

स्टेशनच्या मागं एक भंगारवाला होता. रेल्वेच्या बंगल्यांतले साहेबलोक तेव्हा एकेक करून देश सोडून चालले होते आणि त्यांच्या घरांतला पसारा त्याच्याकडे येत होता. अक्कानं तिथल्या ढिगातून पांढऱ्या काचेच्या बाटल्या निवडून काढल्या. सरळ उभ्या अंगाच्या, जाड बुडाच्या, सगळ्या एका मापाच्या. तीस भरल्या. राज्यात दारूबंदी होती, तरी त्या बाटल्यांत पूर्वी काय असायचं हे मला वासावरून कळलं आणि अक्कालाही कळलं असणार. तिनं फक्त विचारलं, "सोड्यानं धुतलं का वास जाते ना?" मी म्हटलं जातो. एका शिक्षिकेनं भर दुपारी दारूच्या बाटल्यांचं पोतं एस. टी.त चढवलं, कंडक्टरनं टपावर टाका म्हटलं आणि कुंदाक्कानं ते मांडीवर घेतलं. त्या दिवशी मला कोणी ओळखीचं भेटलं नाही हे नशीब.

आता बाटलीचा ग्लास कसा करायचा हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की तडा जातो हे प्रत्येक बाईला माहीत असतं. बायका कंदील फुटला म्हणून हळहळतात. अक्का म्हणाली, "तडा आपल्याले पाहिजे तिथंच का नही पाडायचा?" आम्ही कॉलेजात उष्णतेनं काच प्रसरण पावते हे पाठ केलं होतं आणि चांगले गुणही मिळवले होते. आमच्यातल्या एकीनंही त्याचा ग्लास केला नाही.

पहिल्या दिवशी तिनं बाटलीला केळीच्या खोडाचं वाळकं सोपट गुंडाळलं, रॉकेलमध्ये भिजवून. ते भपकन जळून गेलं, काच नीट तापलीच नाही. पाच बाटल्या वेड्यावाकड्या फुटल्या. मग गोधडी शिवायचं जाड सूत घेतलं. तीन वेढे, गाठ मागच्या बाजूला, रॉकेल, काडी. ज्योत बाटलीभोवती फिरून विझायला आली की बाटली थंड पाण्याच्या घमेल्यात. टक् असा आवाज यायचा आणि मान वेगळी, ग्लास वेगळा. आवाज आला की जीवरामभाऊ ओसरीवरून बघायचे आणि परत तंबाखू मळायला लागायचे. तिसांतून नऊ ग्लास धड निघाले. बाकीच्या काचा जीवरामभाऊंनी निमूट बांधाच्या खड्ड्यात पुरल्या.

मग घासणं. ओली वाळू आणि पाटा. कड पांढरी होईपर्यंत घासली की ती दिसायला खोदीव कामासारखीच दिसे. विळ्याला धार लावायच्या दगडाच्या कोपऱ्यानं तिनं अंगावर तिरक्या रेघा ओढल्या, मधे एक दांडा, दोन्ही बाजूंना शिरा. केळीचं पान. फूल तिला जमलं नाही आणि जमत नाही ते करायच्या भानगडीत ती पडली नाही. मी कडेवरून बोट फिरवलं. वरचा भाग गुळगुळीत होता, आतली धार मात्र राहिली होती.

"अक्का, आतून अजून घासायला हवं. ओठाला लागेल."

"कोन तोंड लावते ग्लासाले? आपन काय वासरं हायेत?"

मला तेव्हा धुरपदाबाई आठवली नाही. तिला बोलवायचंच नव्हतं, मग आठवायची कशाला. सगळा खटाटोप तिला घराबाहेर ठेवण्यासाठी चालला होता.

माघातल्या एका गुरुवारी सकाळी पाहुणे आले. भागाबाई ठेंगणी, बारीक डोळ्यांची, बोलायला तोलून मापून. गिरधरमामा जाडजूड, दर वाक्यानंतर स्वतःच मान डोलावणारे. मुलगा खाली बघत बसलेला, मुलीनं बसावं तसा. सुनंदानं नऊ ग्लासांत लिंबाचं सरबत आणलं. उन्हात त्या पानांच्या रेघा खरोखर छान दिसत होत्या, हे मी कबूल करते. गिरधरमामांनी ग्लास वर धरला, धार सोडली, संपवला. "ग्लास भारी हायेत," असं म्हणून मान डोलावली. अक्काच्या चेहऱ्यावरची एक रेघसुद्धा हलली नाही.

आणि दारात धुरपदाबाई उभी. न बोलावता. नवं लुगडं, कानात नवी कुडी.

"का गं कुंदे, पाहुने आले आन् सेट नेला नही? मले वाटलं, इसरली."

पाहुण्यांसमोर कोणाला हाकलता येत नाही. आपल्याकडच्या सगळ्या सोयी अशा बायकांसाठीच केलेल्या आहेत. ती आली, भागाबाईच्या अगदी जवळ बसली आणि मग तिची नजर ग्लासांवर गेली. तोंडावरचं हसू तसंच ठेवून ती म्हणाली, "नवे घेतले वाटतं. कुठून?" अक्का म्हणाली, "भुसावळहून." खोटं नव्हतं. सुनंदानं तिच्यापुढेही सरबत ठेवलं. दुसरं करणार काय.

धुरपदाबाईनं ग्लास दोन बोटांत धरला. भागाबाईकडे वळून म्हणाली, "पोरगी गुनाची हाये हो," आणि मुंबईच्या रीतीनं ग्लासाला ओठ लावून घोट घेतला.

रक्त फार नव्हतं. दोन थेंब सरबतात, एक नव्या लुगड्यावर. पण खालचा ओठ चिरला की बोलता येत नाही आणि ती जे बोलायला आली होती ते घशातच राहिलं. मी खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तो फार टिकला नाही. गिरधरमामा उठून उभे राहिले. "पोरगी बघताना रक्त सांडलं. शकुन बरा नही." भागाबाईनं पदर सावरला. मुलगाही उठला. जीवरामभाऊ दाराशी आले आणि तिथंच खांबासारखे थांबले. रावेरची सोयरीक तोंडानं मोडली, ही ओठानं मोडणार असं दिसत होतं.

अक्कानं धुरपदाबाईच्या हातात ओलं फडकं दिलं, ओठावर दाबून धरायला सांगितलं आणि पाहुण्यांकडे वळली.

"बसा, गिरधरभाऊ. शकुनाचं मागून पाहू. हा ग्लास बाटलीचा हाये. मी घरी कापला. कड घासायची राहिली, म्हनून लागलं. चूक माही हाये, पोरीची नही, देवाची नही."

"बाटलीचा?" भागाबाई म्हणाली.

"बाटलीचा. आन् हे बाई जे सांगायले आली होती ते मीच सांगते. पोरीले सातव्या वर्साले धाप लागली होती, एक पावसाळा. तेव्हापासून नही. रावेरच्या पाहुन्यांना दमा म्हनून सांगितलं, म्हनून ते गेले. तुम्ही फैजपुरात पाहिजे त्या डॉक्टरले इचारा. आता जायचं तर जा."

धुरपदाबाईला काहीतरी म्हणायचं होतं. फडक्यातून नुसता आवाज आला. भागाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग रिकामा ग्लास उचलून बुड बघितलं, कड बघितली, नखानं पानाची एक शीर खरवडली. "कसं कापलं?" एवढंच विचारलं. अक्कानं सांगितलं. सूत, रॉकेल, घमेलं. गिरधरमामा बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. शेवटी विचार करून कळवतो असं म्हणून मंडळी एदलाबादच्या गाडीला गेली.

पंधरा दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. धुरपदाबाईचा ओठ चार दिवसांत बरा झाला, हे गावातल्या प्रत्येक घराला कळलं. तिनं दारूच्या बाटल्यांची बातमी फिरवली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, रिकाम्या होत्या, आणि शाळेतल्या शाईच्या बाटल्याही पूर्वी कशाच्या होत्या ते बघून घ्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग गिरधरमामा एकटेच आले. धापेबद्दल त्यांनी चौकशी करून समाधान करून घेतलं होतं. अपशकुनाचं एदलाबादच्या भटजींनी निवारण सांगितलं होतं. राहिलं एकच. रुखवतात काचेचा सेट पाहिजे. बाराचा. मुंबईचा. "बाटलीचा नही," असं म्हणून त्यांनी मान डोलावली.

मला हसू आवरेना. ज्यांनी ग्लास भारी म्हणून वाखाणले तेच हे. जीवरामभाऊ पहिल्यांदा बोलले, "म्हैस काढू." अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत तंबाखूकडे वळले.

"नही," ती मामांना म्हणाली.

"अहो वहिनी, एका सेटसाठी सोयरीक..."

"आज सेट. लग्नात चांदी. पहिल्या बाळंतपनाले काय मागान?"

तेव्हा आतल्या दारातून सुनंदा बोलली. मुलीनं बोलायचं नसतं, हे तिला मी शिकवलं नव्हतं, पण ते विसरायला मात्र माझी थोडी मदत झाली असावी. "मामा, सेट आनला तर धुवायचा कोनं?"

"म्हंजे? सुनेनं."

"मंग नको. फुटला तर तुम्ही दुसरा माह्या बापाले मागान."

गिरधरमामा कसेबसे हसले आणि मोसंबं खाऊन उठले. गेले. अक्का त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेतात राहिली, घडांना टेकू देत. मी तिला विचारलं, भीती नाही वाटली का. ती म्हणाली, "वाटते ना. तो बांबू द्या इकडं." आणि तो तिनं पुढच्या घडाखाली रोवला.

आठ दिवसांनी एदलाबादहून पत्र आलं. सेटचा उल्लेख नव्हता, तिथी होत्या तीन, त्यातली एक निवडा म्हणून. मुलानंच घरात सांगितलं म्हणे, ही नाही तर कोणीच नको. त्याचा आवाज कसा आहे हे मला त्या पत्रावरूनच पहिल्यांदा कळलं. पत्र मी वाचून दाखवलं. अक्कानं दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा, मग वैशाखातली तिथी धरली, कारण तोवर घड उतरलेले असतात. जीवरामभाऊंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. सुनंदानं चूल पेटवली.